पिंपळ उगवलेलं इंजिन

तुटकी बॉडी फुकट मिळाली, म्हणून हे सगळं झालं. एका मित्राने डब्ल्यूडीएम-२ या रेल्वे इंजिनाच्या छोट्या मॉडेलची थ्रीडी प्रिंट काढून घेतली होती, ती त्याच्याच हातून फरशीवर पडली. लाँग हूडचा, म्हणजे इंजिनाच्या लांब पाठीचा, मागचा कोपरा गेला, कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, छपराला तडा गेला. तो नवी काढणार होता. जुनी कचऱ्यात जायच्या आत मी मागून घेतली.

ज्यांना रेल्वेचं वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. डब्ल्यूडीएम-२ म्हणजे आपल्या लहानपणी लांबच्या गाडीला लागायचं ते डिझेल इंजिन. पुढे आखूड नाक, मागे लांबलचक पाठ, आणि सुटताना काळाकुट्ट धूर. १९६२ साली पहिली इंजिनं अमेरिकेतल्या अल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीला बनू लागली. ताकद २६०० अश्वशक्ती, डिझेलची टाकी ५००० लिटरची. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात हे सगळं धूड वीतभर होतं, वीस सेंटिमीटरला जरा कमी. माझ्याकडे सहा आसांची एक अमेरिकन चॅसी, म्हणजे मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा, रिकामीच पडून होती, तिच्यावर ही बॉडी बसवायची. अल्कोच्या बोगीत, म्हणजे चाकं बसवलेल्या खालच्या चौकटीत, तीन आसांमधली अंतरं सारखी नसतात, माझ्या चॅसीत ती सारखी आहेत. ज्यांना हे खटकेल त्यांनी चाकांकडे बघू नये.

हे वेड लागलं कोथरूडला. जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय तिथे १९९८ साली सुरू झालं आणि शाळेत असताना आम्ही ते बघायला गेलो होतो. तिथली प्रत्येक गाडी लखलखीत. पुढे माझ्या शेल्फवर जमलेली इंजिनंही तशीच, आत्ता खोक्यातून काढल्यासारखी. तुटक्या बॉडीला पुन्हा कोरं करत बसण्याचा मात्र कंटाळा आला. म्हटलं, जग संपल्यानंतरचं इंजिन करू या.

परदेशी मॉडेलवाल्यांची जगबुडी कोरडी असते. वाळू, काटेरी तारा, कवट्या, बफरला जोडलेले भाले. आपल्याकडे जगबुडी झालीच तर ती शब्दशः होईल, आणि जून ते सप्टेंबर या काळात होईल. म्हणून मी जागा ठरवली बोरघाट. कर्जत ते लोणावळा, १८६३ साली खुला झालेला मार्ग, चढ ३७ला १. इथे १९३०च्या आसपासपासून विजेवर गाड्या चालतात, म्हणजे वीज गेली की वरच्या तारा नुसत्या कपडे वाळत घालायच्या कामाच्या. चाललंच तर डिझेल चालेल. आणि डिझेल संपल्यावर? घाटात करंज भरपूर. करंजाच्या तेलाचं बायोडिझेल करता येतं, आणि रेल्वेने बायोडिझेल मिसळून इंजिनं चालवून पाहिलेली आहेत. झालं, माझी गोष्ट तयार. बारा वर्षं घाटात उभं राहून सडलेलं इंजिन खालच्या गावातल्या लोकांनी तीन वर्षांपूर्वी चालू केलं आणि आता ते करंजाच्या तेलावर आठवड्यातून एकदा वर-खाली करतं.

ही गोष्ट मी वरच्या मजल्यावरच्या काकांना सांगितली आणि तिथेच पहिला ब्रेक लागला. काका कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्यांचा अर्ध्याहून जास्त जन्म याच इंजिनांच्या पोटात गेला.

"पाच हजार लिटरची टाकी आहे," ते म्हणाले. "बिया किती लागतील?"

बियांत तेल साधारण पाव हिस्सा धरला आणि कागदावर हिशेब केला. एका टाकीला अठरा-एकोणीस टन बिया. आम्ही दोघंही जरा वेळ गप्प बसलो.

"टाकी भरणार नाहीत काका. पिंपातून थोडं थोडं घालतील."

"घालू देत. चालू कसं करशील? बहात्तर व्होल्टची बॅटरी लागते, तिच्यावर जनरेटर फिरवून इंजिन सुरू होतं. बारा वर्षं पडलेली बॅटरी भंगारवालासुद्धा घेत नाही."

मी गंमत म्हणून सांगायला गेलो होतो आणि परीक्षेला बसून आलो. पण मॉडेलवर जे काही चिकटलं ते या दोन प्रश्नांतूनच. बॅटऱ्या त्यांनी कुठूनतरी जमवल्या असतील, पण त्या भरायच्या कशा? कुणाच्या तरी गच्चीवरून काढून आणलेल्या सोलर पॅनेलनी. मोठं पॅनेल ३६-३७ व्होल्ट देतं. दोन जोडली तर बहात्तरच्या आसपास जातं, पण बॅटरी भरायला त्याहून जास्त दाब लागतो, म्हणून तीन. लाँग हूडच्या पाठीवर तीन पॅनेलं आली. खरं पॅनेल साधारण दोन मीटर बाय एक, म्हणजे माझं २३ बाय ११ मिलिमीटर. काळ्या प्लॅस्टिकवर सुईने चौकटी ओरखडल्या. एका पॅनेलला मुद्दाम तडे दिले.

पिंपांचं कोडं आपोआप सुटलं. दोनशे लिटरचं पिंप १:८७ मध्ये जेमतेम सात मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर उंच येतं. जळलेल्या एलईडी बल्बच्या सर्किटवर जो गोल कपॅसिटर असतो, त्याचं एक नेहमीचं माप ६.३ बाय ११ मिलिमीटर. घरातले मेलेले बल्ब फोडले, पाच पिंपं निघाली. वर प्लॅस्टिकची कातडी असते ती सोलली की आत छान ॲल्युमिनियम. दोन मी तशीच ठेवली, तीन रंगवली.

तुटलेल्या कोपऱ्यावर गावकऱ्यांनी पत्रा ठोकला असणार, म्हणून पन्हाळी पत्रा हवा होता. खऱ्या पत्र्याच्या दोन पन्हाळींतलं अंतर ७६ मिलिमीटर, भागिले ८७ म्हणजे पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त. एम-५ बोल्टचे आटे ०.८ मिलिमीटरवर असतात. हॉटेलातून जेवण येतं त्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा तळ कापला, माउस पॅडवर ठेवला आणि त्याच्यावरून बोल्ट दाबून लाटण्यासारखा फिरवला. हुबेहूब पत्रा. फक्त आटे तिरके असल्यामुळे पन्हाळीही किंचित तिरक्या पडतात, तेव्हा गुण्या डब्याच्या कडेला न लावता पन्हाळींना लावून कापायचा. हे कळेपर्यंत दोन डबे वाया गेले. त्यांतला एक पनीर बटर मसाल्याचा होता आणि महिना झाला तरी त्याला वास येतोय.

प्रायमरबद्दल फार सांगण्यासारखं नाही, चूक माझीच. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस आणि मी गॅलरीत स्प्रे कॅन घेऊन उभा. हवेतला दमटपणा रंगात उतरला आणि करड्या प्रायमरवर पांढरट बुरशी आल्यासारखं धुकं बसलं. सहाशे नंबरच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासून काढलं. त्यात प्रिंटचे थरांचे वळही गेले, हा फायदा. दुसरा हात उघडीप बघून दिला.

मग खरं काम. बऱ्याच जणांना वाटतं की आधी इंजिन रंगवायचं आणि मग वर गंज रंगवायचा. उलट आहे. गंज रंगाच्या खाली असतो, तेव्हा तो आधी. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा घेऊन तीन तपकिरी टिपून लावल्या. सगळ्यात जास्त काळपट, त्यावर विटकरी, अगदी थोडा नारिंगी. नारिंगी गंज ताजा असतो. बारा वर्षांचा गंज जवळजवळ चॉकलेटी. नेटवरची निम्मी मॉडेलं संत्र्यासारखी दिसतात ती यामुळे.

त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात. बहिणीच्या लग्नात आणलेला कॅन पाच वर्षं कपाटात होता, त्याचं सार्थक झालं. तो वाळल्यावर वरून ॲक्रिलिकचा मूळ रंग, निळा आणि त्यावर पांढरट पट्टा. मला खरं तर मरून आवडतो, पण मरूनवर गंज उठून दिसत नाही. रंग वाळला की अर्ध्या-पाऊण तासाने कोमट पाण्याने एक जागा ओली करायची आणि थांबायचं. पाणी रंगातून खाली झिरपतं आणि मधला हेअरस्प्रे विरघळायला लागतो. मग केस कापून आखूड केलेल्या टूथब्रशने हलकेच टोचायचं. आधी काहीच होत नाही. तुम्ही जरा जोर लावता, तरी काही नाही. मग एकदम एक टवका सुटतो, खालचा गंज डोकावतो आणि अंगावर काटा येतो. खोटं नाही सांगत.

इथेच माणूस वाहवत जातो. १:८७ मध्ये एक मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या इंजिनावर जवळजवळ नऊ सेंटिमीटरचा, तळहाताएवढा. मी पहिल्या दहा मिनिटांत असे पंधरा तळहात काढले. हूडच्या एका दारावरचा तर अख्खा रंग पापुद्रा होऊन हातात आला. तिथे मग अजून एक पत्रा ठोकला. गावकऱ्यांनी ते दार पहारीने उचकटलं होतं, असं मी मागाहून ठरवलं. उरलेलं काम टूथब्रश ठेवून टूथपिकच्या टोकाने केलं, चार संध्याकाळी लागल्या.

काकांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, इंजिन नाकापाशी धरलं आणि लाँग हूडच्या मधल्या खालच्या भागावर नख ठेवलं.

"इथे गंज कसा?"

"बारा वर्षं पावसात आहे ना काका."

"अरे, याच्या आत इंजिन आहे. इथून तेल गळतं. आम्ही पुसून पुसून मेलो. तेलकट पत्रा गंजत नाही. इथे काळं चिकट कर, त्यावर धूळ बसू दे." मग बोट सरकलं. "रेडिएटरच्या खाली पाणी ठिबकतं, तिथे गंज दे. बॅटरीच्या खोक्याखाली दे, तिथे ॲसिड पत्रा आधी खातं. छपरावर पाणी साचतं, तिथे दे. आणि हा दांडा गंजका कशाला? तीन वर्षं माणसं हात लावून चढतायत म्हणालास ना?"

मी सगळीकडे सारखाच गंज फासला होता, जणू इंजिनावर गंजाचा पाऊस पडला होता. खरं इंजिन प्रत्येक जागी वेगळ्या कारणाने खराब होतं. घरी येऊन अर्धं काम पुसलं. दांड्यांवर आणि पायऱ्यांच्या कडांवर सहा-बी पेन्सिलचं शिसं घासलं, की हाताने घासून चकाकलेलं लोखंड दिसतं. तेलासाठी बर्न्ट अंबर आणि काळा ऑइल कलर टर्पेंटाइनमध्ये पातळ केला. कॅम्लिनच्या ट्यूब घरात होत्याच. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या कंपनीचे रंग मराठी घरात नसतील असं होत नाही. पत्र्याच्या जोडावर रंगाचा ठिपका ठेवायचा, टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसलेला चपटा ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. फक्त खाली. एकदा जरी आडवा गेला तरी तो ओघळ राहत नाही, डाग होतो.

गंजाच्या भुकटीने मात्र मला रडवलं. बाहेरून मागवायची रंगाची पूड महाग, म्हणून मी हुशारी केली. सोसायटीचं जुनं गेट गंजलं आहे, ते पॉलिशपेपरने घासलं आणि खाली कागद धरून खरा गंज गोळा केला. खऱ्या गंजाहून खरं काय असणार? बॉडीवर लावला, अप्रतिम दिसला. रुळावर ठेवून बारा व्होल्ट दिले. इंजिन हातभर गेलं, घुंघुं केलं आणि थांबलं. उघडून बघतो तर मोटरच्या चुंबकाला दाढी फुटलेली. गंजाबरोबर लोखंडाचा कीसही आला होता आणि तो सगळा आत ओढला गेला होता. टूथपिकला सेलोटेप उलटी गुंडाळून एकेक केस उपटत बसलो. त्यात रविवार गेला.

उपाय देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होता. गेरू. तुळशीवृंदावनाला सारवतो तो, पूजेच्या सामानाच्या दुकानात पुडी मिळते. गेरूचा लाल रंग लोहाच्या ऑक्साईडचा, म्हणजे मुळात तो गंजच, फक्त लोखंडाचा कीस नसलेला. मोटर त्याच्याकडे बघतही नाही. जुन्या ओढणीतून दोनदा वस्त्रगाळ केला, थोडा दिव्याच्या काजळीत मिसळला, थोडा मुलतानी मातीत, की तीन छटा तयार. मऊ ब्रशने लावायचा आणि कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब सोडायचा. थेंब आपोआप पसरतो आणि वाळताना पूड पत्र्याला धरते. ओली असताना सगळं काळं पडतं, घाबरून पुसायला जाऊ नका. वरून मॅट व्हार्निशचा हात दिला की निम्मा गेरू गायब होतो, म्हणून आधी दुप्पट लावायचा.

काचांचं काम एका अपघाताने झालं. आतल्या बाजूने सुपर ग्लूचा थेंब जास्त पडला आणि त्याच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिक धुरकट झालं. एरवी रडलो असतो. इथे बारा पावसाळ्यांची काच आयती मिळाली. ड्रायव्हरच्या समोरचा तेवढा गोल ओल्या टूथपेस्टने घासून स्वच्छ केला, बाहीने पुसल्यासारखा.

आता पिंपळ. बारा वर्षांत पडीक इंजिनावर पिंपळ उगवणारच. पण तो कुठे उगवेल? पक्षी बसतो तिथे. बी विष्ठेतून येतं, फटीत पडतं. माझ्या इंजिनावर पक्षी बसायला उत्तम जागा म्हणजे शॉर्ट हूडच्या, पुढच्या आखूड नाकाच्या, वर, कॅबच्या काचेच्या अगदी पुढ्यात. म्हणजे झाड ड्रायव्हरच्या नजरेच्या आड. गावकऱ्यांनी इंजिन दुरुस्त करताना ते तोडलं असतं का? जग संपलं तरी मुंज्याची भीती संपेल असं मला वाटत नाही. त्यांनी ते ठेवलं, लाल दोरा गुंडाळला आणि ड्रायव्हर मान बाहेर काढून चालवतो. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या तारा पिळून खोड केलं, त्याच तारा उलगडून मुळं हूडवरून खाली सोडली आणि दाराच्या फटीत घुसवली. पान १:८७ मध्ये दीड मिलिमीटरचंही येत नाही. रंगवलेला टिश्यू पेपर कात्रीने बारीक करून चिमट्याने चिकटवला. साठ पानांनंतर मोजणं सोडलं. आडोशाच्या जागी शेवाळ म्हणून हिरव्या स्पंजचा चुरा, पायऱ्यांत पाचोळा म्हणून वाळवलेला चहाचा चोथा.

मूळ नंबरातले पहिले दोनच आकडे ठेवले, बाकीचे टवक्यांत गेले. त्यांच्या खाली झिरो ब्रशने लिहिलं, आई एकवीरा प्रसन्न. कार्ला तिथून जवळ, गाडीवर दुसरं कोणाचं नाव येणार? अक्षरं तीन मिलिमीटरची. पेंटर आधी शिरोरेघ मारतो, तसं करून पाहिलं तर रेघ सरळ आली आणि अक्षरं तिला लोंबकळायला लागली. मग अक्षरं आधी, रेघ शेवटी. 'प्रसन्न'चा शेवटचा न पत्र्याच्या कडेवरून खाली वळला आहे. तसाच राहू दिला.

चाकांना रंग लावताना एक पथ्य. चाकाचा जो भाग रुळाला टेकतो त्यातूनच मोटरला वीज मिळते, तिथे रंग गेला की इंजिन मेलं. नऊ व्होल्टची बॅटरी मोटरला लावून चाकं फिरती ठेवली आणि बाजूने ब्रश नुसता टेकवला. रंग एकसारखा लागतो आणि टेकायची कड कोरी राहते.

गेल्या रविवारी काम संपलं. ठेवायला ३७ सेंटिमीटरची फळी घेतली, तिच्या एका टोकाखाली एक सेंटिमीटरचा ठोकळा दिला. बोरघाटाचा चढ तयार. वर रूळ, खडी, आणि चढाकडे तोंड करून इंजिन. काकांना खाली बोलावलं.

ते आले, बसले, चहा घेतला. पॅनेलं मोजली, तीन. तेलाचे डाग बघून मान हलवली. पिंपळाबद्दल काही बोलले नाहीत, पण बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग वाकून चाकांच्या पातळीला डोळे नेले.

"घाटात उभं केलंस आणि वेज कुठेत?"

वेज म्हणजे गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली घालायची पाचर. मी सांगितलं की मॉडेलमध्ये वर्म गिअर असतो, मोटर फिरल्याशिवाय चाक फिरतच नाही, उतारावरून घसरायचा प्रश्नच नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आगपेटी आण."

एक काडी काढली, माझा कटर घेतला आणि दोन तिरके तुकडे पाडले. हात थोडा कापत होता, त्यामुळे एक जरा मोठा झाला. चिमटा मी पुढे केला, तो नको म्हणाले. नखाने एक मागच्या चाकाखाली सरकवला, दुसरा पलीकडच्या बाजूने. बोटाने इंजिन खाली ढकलून बघितलं. हललं नाही.

"आता जा चहा पी," म्हणाले. माझा तसाच पडला होता.